डोंगरातली सायकल, बायका आणि मराठवाडा

मुरूमवाट (संभाजीनगर)

सरळच विचारते. आपल्या भागात एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, चालवणाऱ्या किती बायका तुमच्या ओळखीच्या आहेत? रस्त्यावर चालवणाऱ्या नव्हे. डोंगरात, मुरमाच्या वाटेवर, दगडधोंड्यांतून चालवणाऱ्या. मी रविवारी सातारा डोंगर, साई टेकडी, भांगसीमाता गड या बाजूला जाते. रस्त्यावरच्या ग्रुपांत आता बऱ्याच बायका दिसतात, पण डांबर सुटलं की शुकशुकाट.

कुणी हाकलून देतं असं अजिबात नाही. ग्रुपमधली मुलं चांगली आहेत, ताई ताई करतात. पण चढावरचा प्रकार बघा. पुढचे वर पोचतात, दगडावर टेकतात, चिक्की खातात, फोटो काढतात, घामही वाळतो. मी पोचते तेव्हा माझा एक पाय अजून पेडलवर असतो आणि आवाज येतो, "आल्या ताई! चला रे!" म्हणजे जी सगळ्यांत जास्त दमलीय तिलाच विसावा नाही. उतरणीला सगळे "जपून या हं" म्हणतात, पण जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही. याला वाईट वागणूक म्हणता येत नाही, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

तुमच्याकडे कसं आहे? बायांनो, टिकलात तर कशामुळे आणि सोडलंत तर कशामुळे? पुरुषांनीही लिहा. फक्त "आमच्याकडे असं काही नाही" एवढंच लिहायचं असेल तर आधी ग्रुपमधल्या एखादीला विचारा आणि मग लिहा.

देवगिरीकर

आमच्याकडे असं काही नाही.

(गंमत केली, दिवे घ्या.)

देवगिरीकर

आता गंभीरपणे. मला या प्रश्नाची मांडणीच पटत नाही. चढाला बाई-पुरुष कळत नाही. मी नवखा होतो तेव्हा विद्यापीठामागच्या डोंगरात मलाही कुणी थांबून शिकवलं नव्हतं. पडलो, खरचटलं, शिकलो. हा खेळच एकट्याचा आहे. प्रत्येक गोष्टीत वातावरण, वागणूक शोधत बसलं तर सायकल चालवायची कधी? ज्याला जमतं तो टिकतो.

गियरवाली (नांदेड)

देवगिरीकर, "मला कुणी शिकवलं नाही" हे कौतुकाने सांगायचं काय कारण? शिकवलं असतं तर गुडघे वाचले असते.

पण मुरूमवाट, माझी तक्रार तुमच्या अगदी उलटी आहे. मला मदत फार होते. पंक्चर झालं की चौघे धावत येतात. एक सायकल उलटी करतो, दुसरा चाक काढतो, तिसरा ट्यूब फुगवतो आणि चौथा व्हिडिओ काढतो. मी टायर काढायची पट्टी हातात धरून शेजारी उभी, लग्नातल्या करवलीसारखी. एकदा ठणकावून सांगितलं, कुणी हात लावायचा नाही. वेळ लागला, दोघांनी उसासे टाकले, पण चाक मीच बसवलं. तेव्हापासून एकटी जायची भीती गेली. पंक्चर काढता येत नसेल तर ग्रुपशिवाय घराबाहेर पडता येत नाही, आणि मग ग्रुप म्हणेल ते ऐकावं लागतं.

बालाघाटी (अंबाजोगाई)

पंक्चरचा विषय निघाला म्हणून बोलायलोय. तुमी पुण्याकडचे व्हिडिओ बघून टायर घ्यायलात का? आपल्याकडं दगड नाही, काटा मारतोय. पावसाळा सरला की वाटेच्या कडंला सराटे वाळून पडतेत, त्याचं एक टोक कसं बी पडलं तरी वरच राहतं. आन वेड्या बाभळीचा काटा टायरातून आरपार. मुकुंदराजाच्या बाजूनं एक चक्कर मारून या, हातानं काटे उपसायला पंधरा मिन्टं लागतेत. टायर ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हंजी भोक बुजवणारं पातळ रसायन, टाका, नाहीतर ट्यूबमधी तरी टाका. बाया असो की बापे, काट्याला समदे सारखेच.

स्पोक

बालाघाटी, काटा उपसला तर सीलंट सगळं बाहेर येत नाही का?

बालाघाटी (अंबाजोगाई)

बारीक असंल तर उपसून चाक फिरवायचं, सीलंटनं भोक बुजतंय. मोठा असंल तर घरी येईस्तोवर काढायचाच नाही. पॅरिस ऑलिंपिकमधी तो इंग्रज गडी, टॉम पिडकॉक, पंक्चर होऊन मागं पडला आन तरी सुवर्ण घेऊन गेला. पर त्याला वाटेत चाक बदलून द्यायला माणूस होता. आपल्याला कोण हाय?

काकू_चाकावर (लातूर)

काट्यातून जरा बाहेर या. ज्यावर कुणी बोलत नाही त्यावर मी बोलते, माझं वय झालंय, मला लाज नाही.

लघवी. पुरुष कुठेही थांबतात, बाभळीकडे तोंड केलं की झालं. आम्ही निघायच्या आधी तास-दीड तास पाणी पीत नाही आणि वाटेत घोट-घोट पितो. मग लातूरच्या उन्हात अकरा वाजेपर्यंत डोकं दुखायला लागतं, पायात गोळे येतात, आणि लोक म्हणतात, बायकांना स्टॅमिना नसतो. स्टॅमिना नसतो की पाणी नसतं, हे कधी कुणी विचारलंय? आमच्या ग्रुपचा मार्ग आता मी ठरवते. दर दीडेक तासाला पेट्रोल पंप, एखादं देऊळ किंवा ओळखीच्यांचं शेत आलंच पाहिजे. खरोश्याच्या लेण्यांकडे जातो तेव्हा तिथलं आधी विचारून ठेवते. पुरुषांनी पहिल्यांदा तोंडं वाकडी केली. आता तेच माझ्या आधी पंपावर उतरतात.

दुसरं कपडे. पॅडेड शॉर्ट्स घालून गावातून गेलं की पारावरची मंडळी बोलायची थांबतात. मी वरून गुडघ्याखाली येणारी सैल पँट घालते. तडजोड आहे, पण माझी मी केलेली आहे. तरण्या पोरींना मी सांगत नाही काय घालावं ते.

अनामिका_बीड

काकू, तुमच्या पाया पडते. इतकी वर्षं मला वाटायचं हे फक्त माझंच आहे. पाळीच्या दिवसांत तर मी सरळ "पाहुणे आलेत" म्हणून मेसेज टाकायचे.

देवगिरीकर

काकूंचा मुद्दा मान्य. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण म्हणून "खेळ स्वागतशील नाही" असं होत नाही. ही सोय नसणं हा रस्त्याचा आणि गावांचा प्रश्न आहे, सायकलिंगचा नव्हे.

काकू_चाकावर (लातूर)

बाळा, मार्ग कोण ठरवतं?

स्पोक

थोडा इतिहास, कारण "हा पुरुषांचाच खेळ" असं कुणीतरी म्हणणारच आहे.

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली सोडायच्या शर्यती सुरू झाल्या, तिथून हा खेळ आकाराला आला. त्या पहिल्या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची बाई होती, चालवायचीही आणि फोटोही काढायची. त्या दिवसांचे जे फोटो आज बघायला मिळतात त्यांतले पुष्कळ तिचे. म्हणजे बाकीच्यांची नोंद राहिली ती एका बाईमुळे! पुढे ऐंशीच्या दशकात जॅकी फेलन या शर्यतपटूने फक्त बायकांसाठी "वॉम्बॅट्स" नावाची मंडळी काढली. आद्याक्षरांच्या त्या नावातच माउंटन बाइक आणि चहा दोन्ही होते. आधी चिखलात शिकायचं, मग चहा.

ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइक आली १९९६ ला, अटलांटात. पहिल्याच वर्षी स्त्री-पुरुष दोन्ही गट होते, बायकांचं पहिलं सुवर्ण इटलीच्या पाओला पेझ्झोचं. याउलट युटामधली रेड बुल रॅम्पेज, जिथे कड्यावरून उड्या मारतात, ती २००१ पासूनची, आणि तिथे बायकांचा गट आला २०२४ ला. न्यूझीलंडची रॉबिन गुम्स जिंकली. एकाच खेळात एक दार पहिल्या दिवसापासून उघडं, दुसरं उघडायला वीसपेक्षा जास्त वर्षं. तेव्हा "खेळच तसा आहे" हे काही खरं नाही, दार कुणाच्या हातात आहे ते बघावं लागतं.

आपल्याकडचंच बघायचं तर नगर जिल्ह्यातली प्रणिता सोमण राष्ट्रीय पातळीवर एमटीबीची पदकं मिळवते. नगर म्हणजे आपल्या शिवेलाच लागून.

चहाबाज

चहाची मंडळी आपल्याकडे पुरुषांनी काढलीय. त्यात सायकल तेवढी नाही.

निळी_बस (जालना जिल्हा)

बऱ्याच दिवसांपासून वाचतेय, लिहिते पहिल्यांदाच. मोठं झालं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे शहरातून डोंगराकडे जाता. मी उलटं सांगते. आमच्या गावापासून शाळा चार किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता पाणंद. मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तशी मला मिळाली. ज्यांचं गाव लांब त्यांच्यासाठी निळी बस, जवळच्यांसाठी सायकल. पुढे जाळीची टोपली, गिअर नाही, ब्रेक दांडीचे, वजन एवढं की चढाला उतरून ढकलायची. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की चाक फिरतच नाही. मग काडीने माती खरवडायची, चार पावलं जायचं, परत खरवडायची. शेवटी आम्ही सगळ्यांनीच पुढचं मडगार्ड काढून टाकलं. दप्तर पाठीला, डबा टोपलीत, मागे मैत्रीण. ओढ्यात उतार कुठून घ्यायचा, कुठल्या दगडावर चाक घसरतं, ब्रेक कधी सोडायचा हे सगळं आम्हाला पाठ होतं. त्याला एमटीबी म्हणतात हे नंतर शहरात आल्यावर कळलं.

म्हणून "बायकांना डोंगरात सायकल शिकवायला हवी" असं वाचलं की हसू येतं. मराठवाड्यात कच्च्या वाटेवर सायकल चालवलेल्या मुली ढीगभर आहेत. प्रश्न आहे तो बारावीनंतर ती सायकल कुठे जाते हा. आमच्याकडे धाकट्या भावाकडे गेली, मावशीकडे दुधाच्या कॅनला, एका मैत्रिणीची लग्नाआधी विकली. मुलीची सायकल शाळेपुरतीच. कामाशिवाय, नुसतं मजेसाठी चालवणारी मुलगी गावात दिसली की पहिला प्रश्न, "कुठं निघालीस?" मुलाला कुणी विचारत नाही.

मी आता संभाजीनगरात नोकरी करते. एका ग्रुपची चौकशी केली तर पहिला प्रश्न, "कुठली बाइक आहे?" बाइक नाही म्हटल्यावर, "आधी घ्या, मग या." पंधरा-वीस हजारांच्या आत डोंगरात चालेल अशी धड सायकल येत नाही. माझा पगार सांगत नाही.

मुरूमवाट (संभाजीनगर)

निळी_बस, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.

पुण्यात_नाइलाजाने

मानव विकासच्या सायकलीला एमटीबी म्हणणं जरा जास्तच होतंय. सस्पेन्शन नाही, डिस्क ब्रेक नाहीत, फ्रेमची ठेवण वेगळी. भावना समजू शकतो.

गियरवाली (नांदेड)

स्पोक यांनी काय लिहिलंय ते वाचलंत का? मरीनमध्ये तरी काय होतं? जुन्या जड सायकली, मागे उलटं पेडल मारून लावायचा ब्रेक, आणि उतारावर त्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा. त्यांच्याकडे तरी कुठे सस्पेन्शन होतं?

पुण्यात_नाइलाजाने

ओके, शरण.

सॅडलशास्त्री

मी सायकली जुळवायचं काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू. मुरूमवाटने लिहिलंय की "जपून या" एवढंच सांगतात. उतरणीची भीती हा स्वभावाचा भाग मानतात, पण निम्म्या वेळा मला ती हँडलवर सापडते.

बहुतेक बायकांचा पंजा लहान असतो आणि ब्रेकची लिव्हर कारखान्यातून मोठ्या पंजाच्या हिशोबाने लांब ठेवलेली असते. बोटाचं नुसतं टोक पोचतं, जोर लागत नाही, मग बाई हँडलची पकड सोडून ब्रेक ओढते आणि पुढचं चाक वळतं. लिव्हरपाशी एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर जवळ येते आणि एका बोटाने ब्रेक लागतो, बाकीची बोटं पकडीवरच राहतात. फुकटचं काम आहे. विकताना दुकानात कुणी करून देत नाही.

दुसरं हवा. दुकानातून ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठोकून देतात. पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईला २.२ इंची टायरमध्ये ट्यूब असली तरी ३० च्या आसपास पुरते. त्याहून फार खाली गेलात तर दगडावर ट्यूब चिमटते. ५५ ला सायकल चेंडूसारखी उडते आणि वाटतं आपल्यालाच जमत नाही. स्वस्त फोर्कमधली (पुढचं चाक धरणाऱ्या दुशाख्यातली) स्प्रिंगही बऱ्याचदा जड माणसाच्या हिशोबाची असते. हलक्या चालवणाऱ्याखाली ती दबतच नाही, नुसतं वजन वाहायचं.

"लेडीज एमटीबी"च्या मागे धावू नका. जायंटने २००८ ला लिव्ह नावाने बायकांसाठी वेगळी शाखा काढली, ती आजही चालू आहे. पण काही मोठ्या कंपन्यांनी वेगळी फ्रेम बंद करून फक्त सॅडल आणि हँडल बदलायला सुरुवात केलीय. आपल्याला योग्य मापाची फ्रेम, उभं राहिल्यावर दांड्याच्या वर मोकळी जागा, आणि बैठकीच्या हाडांच्या रुंदीचं सॅडल एवढं पुरतं. मऊ गादीचं रुंद सॅडल घेऊ नका, तासाभराने जास्त त्रास होतो.

अनामिका_बीड

हे आत्ता वाचून खाली पार्किंगमध्ये जाऊन स्क्रू फिरवला. वॉचमनने विचारलं, मॅडम काय बिघडलं? काही बिघडलं नाही, दोन वर्षांनी सुधारलं.

आणि दुकानाचा विषय निघालाच आहे तर, मी एमटीबी घ्यायला गेले तेव्हा विक्रेता सगळी माहिती नवऱ्याला देत होता. नवऱ्याला सायकल येते, पण गिअर कशाशी खातात ते माहीत नाही. शेवटी मला विचारलेला एकमेव प्रश्न, "मॅडम, बास्केट लावून देऊ?"

बालाघाटी (अंबाजोगाई)

बास्केट लावून घ्यायची हुती. सीताफळाच्या दिवसांत आमच्या डोंगराकडं या, भरून देतो.

नाथसागर (पैठण)

मी जरा वेगळं मत मांडते. फक्त बायकांचे ग्रुप काढा असा सूर लागणार, पण मी अशा एका ग्रुपात होते. ८ मार्चला गुलाबी टी-शर्ट, दहा किलोमीटर डांबरी रस्ता, हॉटेलात नाश्ता, फुगे, फोटो. पुढच्या रविवारी कुणी नाही. मला ते नको. मला चिखल हवा. मी ज्या मिश्र ग्रुपात आहे तिथे मला कधी परकं वाटलं नाही. एक गोष्ट मात्र आहे, आमच्या ग्रुपची सुरुवातच तीन जणींनी केली. मुलगे नंतर आले.

काकू_चाकावर (लातूर)

मग तुझा ग्रुप बायकांचाच की गं! मुलगे पाहुणे.

डोंगरकपारी (धाराशिव)

हातलाई आणि येडशीच्या बाजूला मी एकटी जाते. बिबट्याला घाबरत नाही का विचारतात. मला भीती शेतावरच्या कुत्र्यांची आणि पहाटेच्या अंधाराची. थंडीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि ग्रुप साडेपाचला निघतो. भेटायच्या जागेपर्यंत सहा किलोमीटर अंधारात एकटीने यायचं, हा माझ्या राइडमधला सगळ्यांत अवघड भाग, आणि तो कुणाच्या स्ट्राव्हावर (राइड नोंदवायच्या अॅपवर) दिसत नाही. उन्हाळ्यात लवकर निघणं समजू शकते, बेचाळीस डिग्रीत कोण चालवणार? पण डिसेंबरात साडेपाच कशासाठी? कारण साडेनऊला घरी जाऊन मुलांना क्लासला सोडायचं असतं म्हणे. माझ्या घरी तर मी डबा करून निघते, म्हणजे उठते चारला.

चहाबाज

आमच्या ग्रुपात साडेपाच ठरतं आणि सव्वासहाला निघतात. सगळ्यात आधी पोचलेली बाई चाळीस मिनिटं अंधारात उभी.

डोंगरकपारी (धाराशिव)

हो! हेच. बरोबर हेच.

देवगिरीकर

धागा रोज वाचतोय. माझं मूळ मत बदललेलं नाही, डोंगर सगळ्यांना सारखाच. पण वेळ, थांबे आणि मार्ग डोंगर ठरवत नाही एवढं पटलं. या रविवारी शूलिभंजनच्या चढाला आम्ही एक नियम केला: शेवटचा माणूस पोचल्यावर घड्याळ लावायचं आणि त्यानंतर पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. दोघांनी कुरकुर केली, म्हणे अंग थंड पडतं. खरं तर खुलताबादला भजी थंड पडतात ही त्यांची काळजी. गंमत म्हणजे त्या दिवशी शेवटचा माणूस बाई नव्हती. आमचा एक पंच्याण्णव किलोचा मित्र होता. त्याने पहिल्यांदा वर बसून पाणी प्यायलं.

गियरवाली (नांदेड)

त्या मित्राला माझ्याकडून नमस्कार सांगा. आणि सहा महिन्यांनी नियम शिल्लक आहे का तेही कळवा.

मुरूमवाट (संभाजीनगर)

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाचं उत्तर मला निळी_बस आणि डोंगरकपारी यांच्या लिहिण्यात मिळालं. आम्ही ग्रुपात येतो तोवरच निम्मी गळती झालेली असते, वर पोचल्यावरच्या चिक्कीचं नंतर.

येत्या रविवारी साई टेकडीच्या पायथ्याशी, सकाळी सात, उजाडल्यावर. निघताना वेळ पाळायची. कुठलीही सायकल चालेल, हेल्मेट हवं, माझ्याकडे दोन जादा आहेत. अंबाडा घालणाऱ्यांनी वेणी खाली घ्या, नाहीतर हेल्मेट कपाळावर येतं. पहिला अर्धा तास फक्त ब्रेक आणि उतरण, सॅडलशास्त्री येतो म्हणालेत. पुरुष चालतील, पण पंक्चर झालं तर हात खिशात.

निळी_बस (जालना जिल्हा)

गावाकडून माझी जुनी सायकल आणली तर चालेल का? भावाने टोपली काढून टाकलीय. दांडीचेच ब्रेक आहेत अजून.

सॅडलशास्त्री

आणा. दांडीच्या ब्रेकचे रबर बदलून देतो, पण उतरणीचा भाग मुरूमवाटच्या सायकलवर करा. चेन कोरडी असेल तर आधी तेल नका टाकू, फडक्याने पुसून आणा.

बालाघाटी (अंबाजोगाई)

आन काटे उपसायला चिमटा आणा गं बायांनो.